उजव्या खांद्याची रायफल

७ सप्टें., रवि.

परवाना घेऊन क्लबावर गेले. दीड वर्षाची पायपीट आणि हाती एक कागद. पडताळणीला आलेल्या हवालदारानं आईला विचारलं होतं, "मॅडम कायले घेऊन राह्यल्या बंदूक? कोणाले मारतात?" आई म्हणाली, "पुठ्ठ्याला." त्यानं तसंच लिहून घेतलं असावं, कारण नंतर कोणी काही विचारलं नाही.

वैद्य सरांनी कागद दोनदा वाचला. वय चौऱ्याहत्तर, चष्मा कपाळावर, वाचताना ओठ हलतात. हत्याराचा रकाना कोरा आहे तिथं बोट ठेवलं. "हा विचार करून भर. मार्चअखेरच्या आत. पहिली रायफल चुकली की माणूस दुसरी घेत नाही, खेळच सोडतो."

मी एक्कावन्न. सोडायला माझ्याकडे फारसं काही नाही. नोकरी, आई, आणि तीन वर्षांपासून हा रविवार.

१४ सप्टें., रवि.

महागाव ते यवतमाळ एसटीत दोन तास. बसमध्ये वहीवर तीन पर्याय मांडले. मोजणीखात्यात सव्वीस वर्षं काढल्यावर नकाशा काढल्याशिवाय डोकं चालत नाही.

१. देशी, नवी. नागपूरच्या दुकानात हजर. ट्रिगर जड. सर म्हणतात, रहाट ओढल्यासारखा.

२. परदेशी, नवी. मागवावी लागेल. कधी येईल ते दुकानदारालाही माहीत नाही, पण तो सांगतो मात्र ठामपणे.

३. सरांची. जर्मन, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नळी निर्मळ. दस्ता जुन्या घडणीचा, सरळ, नव्या रायफलींसारखा पंज्याच्या आकाराचा नाही. सरांचे हात गेल्या वर्षापासून थरथरतात. ते आता मारत नाहीत, फक्त पुसतात. पुढच्या वेळी परवाना वाढवून घेणार नाही म्हणाले. "मग ती कुठं तरी जमा करावी लागेल. त्यापेक्षा तुझ्याकडे जाऊ दे." पैशांचं विचारलं तर वाऱ्याकडे बघत बसले.

वारा बघायला आमच्याकडे झेंडे नाहीत. दोऱ्याला कापसाचा पुंजका बांधून सर दर दहा मीटरवर काठी रोवतात. यवतमाळात कापसाला काय तोटा.

क्र. ३ वर मनात खूण केली.

२१ सप्टें., रवि.

सरांच्या रायफलनं पूर्ण साठ गोळ्या. पालथं झोपून, पन्नास मीटर. पन्नास म्हणजे काय लांब, असं ऑफिसात म्हणतात. तिथून दहा गुणांचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं, तेही दिसत नाही, काळ्या ठिपक्याच्या मधोमध आहे असं धरून चालायचं. म्हणायला हरकत नाही, देवासारखंच.

पहिल्या चाळीस सुरेख. सर मागून "हं" म्हणत होते, म्हणजे खूष. शेवटच्या वीस कुठल्या कुठे. दर वेळी हेच. डावा डोळा पट्टीमागे झाकलेला असतो तरी त्याला पाणी येतं, मग कपाळ ठणकतं. परतताना आर्णीपर्यंत डोळे मिटून बसले.

सर म्हणतात, दम वाढव. वाढवते आहे. सकाळी पायऱ्या चढते, संध्याकाळी उतरते.

२४ सप्टें., बुध.

आईचा प्रश्न : ती ठेवणार कुठं? लोखंडी कपाट, कुलूप, गोळ्या वेगळ्या. "देवघराच्या भिंतीला कपाट नको." बरं. "आणि माझ्या खोलीत नको." बरं. दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर. आता उरली ती माझी खोली, म्हणजे आधीपासून ठरलेलंच होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

१ ऑक्टो., बुध.

उद्या दसऱ्याची सुट्टी म्हणून ऑफिसात आजच पूजा. जुनी साखळी, नकाशा काढायचा फळा, मोजणीची मशीनं, सगळी टेबलावर ओळीनं. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. शिपायानं यंदा भक्तिभावानं ओलं कुंकू कालवलं होतं. दुर्बिणीच्या तोंडालासुद्धा फासलं. मी काच पुसून घेतली. देवानं एवढं समजून घ्यावं.

३ ऑक्टो., शुक्र.

आज फजिती. लिहून ठेवते, कारण हसण्यावारी नेऊन चालणार नाही असं वाटतंय.

फुलसावंगीच्या पुढे दोन भावांच्या बांधाची मोजणी. झाडी दाट, सॅटेलाइटचं यंत्र चालेना, म्हणून जुनं दुर्बिणीचं मशीन लावलं. ऊन रणरणतं. दिवसभर दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण माझ्याकडे बघून दोघेही हसत होते. मला वाटलं, माझ्यामुळे समेट होतोय.

संध्याकाळी तिवईचा स्क्रू घसरला म्हणून स्टँडजवळ नासिरभाईंकडे. शिलाई मशीन, फवारणीचे पंप, आमची तिवई, सगळं तेच दुरुस्त करतात. माझ्याकडे पाहून हातातला पाना खाली ठेवला.

"ताई, डोळ्याले काय झालं? कोणी मारलं का काय?"

आरशात पाहिलं. डोळ्याभोवती कुंकवाचं लालभडक कडं. दुर्बिणीच्या रबराला लागलेलं कुंकू घामानं सुटलं होतं. मी काच पुसली, रबर पुसलं नव्हतं.

नासिरभाई आधी पोट धरून हसले. मग हसायचे थांबले. रायफल दंडाला अडकवायचा माझा पट्टा आवळून द्यायचं काम त्यांनीच केलं होतं, रायफल कशी धरतात ते मी त्यांना दुकानात हात करून दाखवलं होतं. म्हणाले, "पण ताई, बंदूक तं तुम्ही उजव्या डोळ्यानं चालवता ना? मंग कुंकू डाव्याले काहून लागलं?"

आरशात पुन्हा पाहिलं. डावाच होता.

४ ऑक्टो., शनि.

नेमाचा डोळा कुठला ते बघायला दोन्ही हातांच्या पंजांची खिडकी करून पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. उ. डोळा मिटला, टाकी जागच्या जागी. डा. मिटला, टाकी खिडकीतून गायब. दहा वेळा केलं. गच्चीवर उभी राहून मी टाकीला नमस्कार करते आहे असं शेजाऱ्यांना वाटलं असेल.

सव्वीस वर्षं प्रत्येक दुर्बिणीला मी डावा डोळा लावते आहे. कोणी शिकवलं नाही. आणि रायफलला तीन वर्षं उजवा, कारण तो शिकवला.

म्हणजे चाळीस गोळ्यांनंतर दम संपत नव्हता. झाकलेला डोळा पट्टीमागून आपलं काम मागत होता.

५ ऑक्टो., रवि.

क्लब. बोलले नाही. सर हस्तांतराच्या अर्जाचा मसुदा स्वतः लिहून घेऊन आले होते, वळणदार अक्षरात, थरथर दिसू नये म्हणून सावकाश काढलेलं. त्यावर कसं बोलायचं.

"वाच आणि सांग," म्हणाले. वाचला. "छान आहे," म्हटलं. अर्जाला छान म्हणणारी मी पहिलीच.

९ ऑक्टो., गुरु.

कुलूप मी डाव्या हातानं उघडते. बाटलीचं झाकण, झाडू, पत्ते पिसणं, डावा. लिहिणं, जेवणं, देणं-घेणं, उजवा. चार दिवस स्वतःवर पाळत ठेवली तेव्हा हे दिसलं. लोकांसमोरची कामं उजव्याची, एकटीची डाव्याची. हद्द अगदी स्वच्छ आखलेली.

जेवताना आईला विचारलं, मी लहानपणी डावरी होते का?

आईनं भाकरी मोडायची थांबवली. "आता काहून विचारून राहिली?"

मग सांगितलं. मी पाच वर्षांची. हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. मी हौसेनं करंडा घेऊन एका बाईंना कुंकू लावलं, डाव्या हातानं. त्यांनी तिथंच रुमालानं पुसून टाकलं. "सगळ्यांदेखत. मला इतकं लागलं ते. त्या उन्हाळ्यात मी तुझा हात बांधत होते. जुन्या पातळाची पट्टी होती. जेवताना आणि पाटी घेतली की."

"मी रडले का?"

"नाही. तू विचारायचीस, आज किती वेळ."

मला काही आठवत नाही. पट्टी हिरवी होती असं वाटतंय, पण आई 'पातळ' म्हणाली तेव्हाच तो रंग मी लावला असेन. राग आला. एकोणऐंशी वर्षांच्या बाईवर काढण्याइतका नव्हता, आणि गिळण्याइतका लहानही नव्हता. भांडी आज मीच घासली. डाव्या हातानं.

२६ ऑक्टो., रवि.

सर तपासणीला नागपूरला, म्हणून क्लबवर नव्हते. संधी साधली. क्लबच्या रायफलनं डाव्या खांद्यावर वीस गोळ्या. बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा खटका, उजवीकडे, प्रत्येक गोळीला सगळं सोडून, कूस बदलून, पुन्हा मांडणी. गालाची उंच बाजूही नको तिथं. दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी तरी याहून बरं असेल.

पण डोळ्याला पाणी नाही. कपाळ गप्प.

म्हणजे काय धरायचं? तीन वर्षांत जमलेलं सगळं टाकायचं, पुन्हा पहिलीत बसायचं, तेही एक्कावन्नाव्या वर्षी? जानेवारीनंतर विभागीय स्पर्धा आहे, सर माझं नाव देणार आहेत. उजव्यानं गेले तर चाळीस गोळ्या झकास आणि मग तेच. डाव्यानं गेले तर यंदा जाणंच नाही.

५ नोव्हें., बुध.

रोज संध्याकाळी चटईवर डाव्या कुशीचा सराव. हातात आईची काठी, समोर कॅलेंडरवरची तारीख. श्वास, थांबा, बोट. श्वास, थांबा, बोट.

आई दारात. "झाली का तुझी शिकार? काठी दे, मला मोरीत जायचंय."

सराव तिच्या वेळापत्रकाप्रमाणे.

१९ नोव्हें., बुध.

नागपूरच्या दुकानात विचारून ठेवलं होतं, त्यांचा फोन. डावखुऱ्यांची रायफल मिळते, पण कोणी मागवत नाही. एका मुलानं नोंदवली होती, त्यानं खेळ सोडला, तर ती माझ्या नावावर फिरवता येईल. मार्चच्या आत येईल. ३० जानेवारीपर्यंत हो की नाही सांगा, नाहीतर ऑर्डर रद्द.

त्यांना म्हटलं, कळवते. सरांना काय कळवू?

७ डिसें., रवि.

सरांच्या रायफलनं, उजव्यानं. त्रेचाळीस चांगल्या. त्रेचाळीस! सर म्हणाले, "दम वाढतोय." मी मान हलवली. आता मी त्यांच्याशी खोटं बोलते आहे, आणि तेही मान हलवून. स्वतःची लाज वाटली.

१४ डिसें., रवि.

सांगितलं. चहाच्या वेळी, बाकीचे लांब होते तेव्हा.

"सर, मी डाव्या डोळ्याची आहे."

"हो."

"हो म्हणजे?"

त्यांनी कप खाली ठेवला. बशीवर वाजला. "पहिल्या दिवशी तू एअर रायफल उचललीस ती डाव्या खांद्याला. मी काढून उजव्याला लावून दिली. तुला आठवत नाही?"

नाही आठवत. माझंच मला काही आठवत नाही, सगळं दुसऱ्यांकडून कळतं.

"क्लबात सगळ्या उजव्या. मला वाटलं, चार रविवार येशील आणि सोडशील. चार रविवारांसाठी डावी कोण मागवतं? तू सोडलं नाहीस."

"मग तेव्हा सांगायचं होतं, सर."

ते कापसाच्या पुंजक्यांकडे वळले. वारा नव्हता. "तोवर तू चांगली मारायला लागली होतीस. आणि मला माझ्या रायफलची सोय दिसायला लागली होती. खरं सांगतो."

मी बॅग उचलली आणि दुपारच्या बसनं परत.

१५ डिसें., सोम.

खरं सांगतो म्हणे. तीन वर्षांनी.

आईनं हात बांधला तो लोकांच्या रुमालाला भिऊन. सरांनी खांदा बदलला तो क्लबात दुसरी रायफल नव्हती म्हणून. वाईट कोणीच नव्हतं, दोघांनाही मी हवीच होते. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या बांधांच्या खुणा शोधत मी सव्वीस वर्षं उन्हात फिरले.

२१ डिसें., रवि. — गेले नाही.

२८ डिसें., रवि. — गेले नाही. सरांचा फोन नाही. मीही केला नाही. घरात रविवार इतका लांब असतो हे विसरले होते. माळा साफ केला.

३ जाने., शनि.

नासिरभाईंकडे. "ताई, बंदूक घेतली का?" सगळं सांगितलं, त्यांना सांगता येतं. त्यांनी ऐकलं आणि मशीनच्या चाकावर तेल सोडत म्हणाले, "सरचं चुकलंच. पण तुम्ही गेले नाही तं त्यायले कसं समजन, किती चुकलं ते?"

उद्या जावं का. (गेले नाही.)

१४ जाने., बुध.

संक्रांत. आईनं तिळगूळ पुढे केला. मी डावा हात पुढे केला. मुद्दाम. उजवा रिकामा होता, मांडीवर.

आईनं हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचा हात अधांतरी राहिला. मला वाटलं, म्हणेल, उजवा. मग लाडू त्या हातावर ठेवला आणि माझी बोटं स्वतःच्या दोन्ही हातांनी मिटवली. जोरात.

"मोठी वाईट होते गं मी," म्हणाली.

"नव्हतीस," म्हटलं. दोघी रडलो. मग लाडू किती कडक झालाय यावर बोललो, आणि तो खरंच कडक झाला होता.

रात्री सरांना एका ओळीचा मेसेज केला. रविवारी येते.

१८ जाने., रवि.

पोचले तर सर आधीच बाकावर. जरा वाळले आहेत. नमस्कार केला, बस म्हणाले नाहीत. "झोप," म्हणाले. "डावीकडून."

चटईवर त्यांची रायफल. दस्त्याच्या उजव्या अंगाला धुतलेला पंचा घडी करून लावला होता, वरून सायकलच्या ट्यूबनं आवळून. डाव्या खांद्यावर घेतली की गाल बरोबर त्यावर येतो. जिला चाळीस वर्षं कोणाला धुळीचा हात लावू दिला नाही, तिला ट्यूब!

"बोल्ट उजवीकडे आहे, सर. प्रत्येक गोळीला मला उठावं लागतं."

"तू उठू नकोस. बोल्ट माझ्याकडे."

ते माझ्या उजव्या अंगाला खाली मांडी घालून बसले. गुडघे कडकड वाजले. बोल्ट उघडून गोळी ठेवायला गेले, तर ती कडेला टकटक वाजत राहिली. हात थांबेना. मी नळी पुढे ठेवून पडून होते, पट्टा ताणलेला, डावा डोळा छिद्राला. टक, टक, टक, मग गोळी आत. बोल्ट बंद. "हं."

मारली.

पुन्हा टकटक. मला नेहमी घाई असते, सर तीन वर्षं ओरडत होते, घाई नको. आज घाई करायची सोयच नव्हती. त्यांचा हात स्थिर होईपर्यंत माझा श्वास आपोआप खाली बसायचा. दहा गोळ्यांना किती वेळ लागला कोण जाणे. कापसाचे पुंजके दोनदा हलले, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या खांद्यावर बोट ठेवून थांबवलं.

दहाही काळ्यात. त्यातल्या पाच एका रुपयाखाली झाकल्या. बाकीच्या पाच आपापल्या मर्जीनं.

उजव्यानं याहून बरं मारते मी. दोघांनाही ते दिसत होतं. पण डोळा कोरडा होता, कपाळ गप्प, आणि मला अजून पन्नास मारता आल्या असत्या. हे पहिल्यांदाच.

सर कागद धरून बसले, कागद थरथरत होता. "ही तुला माझ्याशिवाय चालवता येणार नाही," म्हणाले.

"नाही."

"मग नागपूरला हो म्हण. नाहीतर मला दर रविवारी शेजारी बसव."

"स्पर्धेत चालत नाही, सर."

"माहीत आहे मला," म्हणाले आणि हसले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले. मग रायफलची ट्यूब सोडायला लागले, त्यांना ती सुटेना, मी सोडली. पंचा घडी करून त्यांच्या पिशवीत ठेवला. त्यांनी तो बाहेर काढला आणि माझ्या बॅगेत ठेवला.

"पुढच्या वेळी लागेल," म्हणाले. कुठल्या रायफलवर, ते बोलले नाहीत.

बसमध्ये परवाना काढून पाहिला. रकाना कोराच. नागपूरला तीस तारखेपर्यंत सांगायचं आहे. मध्ये एक रविवार आहे.